जीसॅट-७बी: लष्कराच्या संपर्क उपग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूदलासाठी स्वतंत्र उपग्रह येणार अशी बातमी अधूनमधून येते आणि तिच्याखाली तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. काही अगदी नेमके असतात, काही साफ भलत्या दिशेचे. इथली उत्तरं सरकारने जाहीर केलेली माहिती आणि उपग्रह संपर्काचं सर्वांना उपलब्ध असलेलं शास्त्र यांवर बेतलेली आहेत. गुपितं हवी असतील तर इथे वेळ घालवू नका.

जीसॅट-७बी म्हणजे नेमकं काय?

भारतीय भूदलासाठी आखलेला संपर्क उपग्रह. मार्च २०२२ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने, म्हणजे डीएसीने, त्याच्या गरजेला मान्यता दिली. २९ मार्च २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या इस्रोच्या व्यापारी कंपनीशी २,९६३ कोटी रुपयांचा करार केला. उपग्रह इस्रो बनवणार आणि तो पाच टन वजनाच्या गटातला असेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्याच दिवशी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी 'आकाशतीर' या हवाई संरक्षण प्रणालीचाही करार झाला. मे २०२५ मधल्या 'ऑपरेशन सिंदूर'नंतर आकाशतीरचं नाव घरोघरी पोहोचलं. त्याच दिवशी सही झालेला हा उपग्रह मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

तो लष्कराला काय देणार?

मंत्रालयाच्या निवेदनाचा गाभा एका शब्दप्रयोगात आहे: दृष्टिरेषेपलीकडचा संपर्क. जवानाच्या पाठीवरचा व्हीएचएफ रेडिओ साधारणपणे समोर दिसेल तिथपर्यंतच बोलतो. राजस्थानच्या वाळवंटात त्यावर बरंच भागतं. लडाखमध्ये किंवा अरुणाचलच्या खोऱ्यांत मध्ये एक डोंगर आला की संपलं. मग कड्यावर संदेश पुढे पाठवणारं रिले केंद्र बसवायचं, त्याला राखण द्यायची, बॅटऱ्या वर चढवायच्या. हिवाळ्यात तेही अवघड.

ड्रोनची अडचण याहून मोठी. जमिनीवरच्या अँटेनावरून थेट नियंत्रण ठेवायचं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे पल्ला दोन-अडीचशे किलोमीटरच्या आसपास संपतो. उपग्रह मध्ये आला की ती मर्यादा उरत नाही. म्हणूनच निवेदनात सैनिक आणि तुकड्यांच्या बरोबरीने शस्त्रप्रणाली आणि हवेतल्या साधनांचाही उल्लेख आहे.

हा हेर उपग्रह आहे का?

नाही. तो फोटो काढत नाही. छायाचित्रांचं काम कार्टोसॅट आणि रिसॅट मालिकेचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ५२ उपग्रहांची योजनाही टेहळणीसाठीच आहे. मे २०२५ मध्ये इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी देशाच्या सुरक्षेसाठी किमान दहा उपग्रह अहोरात्र काम करत असल्याचं सांगितलं, तेव्हापासून लोक सगळे उपग्रह एकाच पोत्यात घालतात. संपर्क उपग्रह खालून आलेला संदेश घेतो, त्याची वारंवारता बदलतो, ताकद वाढवतो आणि परत खाली पाठवतो. पाहणारा उपग्रह वेगळा, आणि त्याने पाहिलेलं आघाडीवर पोहोचवणारा वेगळा.

इतकी वर्षं भूदल उपग्रहाशिवाय होतं का?

तसं नाही, पण स्वतःचं घर नव्हतं. तिन्ही दलांत पहिला स्वतंत्र उपग्रह नौदलाला मिळाला. जीसॅट-७ किंवा 'रुक्मिणी' ३० ऑगस्ट २०१३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन-५ रॉकेटने गेला. पुढच्याच वर्षी नौदलाच्या 'ट्रोपेक्स' सरावात सुमारे ६० जहाजं आणि ७५ विमानं त्याच्या जाळ्यात जोडली गेली. समुद्रात टॉवर नसतात, त्यामुळे नौदलाला पहिला मान मिळणं रास्तच होतं.

मग वायुदल. जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ११ रॉकेटने गेला, वजन २,२५० किलो. तो मुख्यतः वायुदलाचा. भूदलाच्या वाट्याला त्यातला एक हिस्सा आला.

त्याआधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, जीसॅट-६ गेला होता. त्याच्यावर सहा मीटर व्यासाची, अवकाशात उलगडणारी अँटेना होती. एवढी मोठी अँटेना वर असली की खालचा रेडिओ संच हातात मावेल इतका लहान करता येतो, कारण क्षीण संदेश ऐकण्याचं बरंचसं काम वरचा कान करतो. त्याचा जोडीदार जीसॅट-६ए हा २९ मार्च २०१८ रोजी व्यवस्थित उडाला आणि दोनच दिवसांनी, कक्षा उंचावत असताना, त्याचा संपर्क तुटला. तो पुन्हा मिळाला नाही. सैन्याच्या लहान संचांची वाट त्या एका घटनेने किती लांबली, याची चर्चा फार कमी झाली.

संख्येने सर्वांत मोठं दल, सर्वांत लांब आणि सर्वांत खडतर सीमा, आणि स्वतंत्र उपग्रहाच्या रांगेत शेवटचा नंबर. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं होतं असं नाही, पण दहा वर्षांचं अंतर पडायलाही नको होतं.

७, ७ए, ७बी, ७सी, ७आर... हा काय गोंधळ आहे?

७ नौदल, ७ए वायुदल, ७बी भूदल. ७सी पुन्हा वायुदलासाठी, त्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. ७आर म्हणजे रुक्मिणीची जागा घेणारा उपग्रह. तो २ नोव्हेंबर २०२५ रोजी सीएमएस-०३ या नावाने उडाला. मालिकेचं नाव मध्येच बदलल्यामुळे वर्तमानपत्रांतही घोळ होतो.

ऑप्टिकल फायबर आहे, मोबाईल आहे. मग उपग्रह कशाला?

छावणीत बसलेल्यांसाठी फायबर केव्हाही चांगलं. संरक्षण दलांसाठी बीएसएनएलने सुमारे ६०,००० किलोमीटर फायबरचं वेगळं जाळं उभारण्याची योजना याचसाठी आहे. 'नेटवर्क फॉर स्पेक्ट्रम' असं तिचं नाव. दलांनी मोबाईल कंपन्यांसाठी वारंवारता मोकळ्या केल्या, त्याच्या बदल्यात हे जाळं. तिचा खर्च वाढत वाढत २४,६६४ कोटींवर गेला. त्या तुलनेत उपग्रह स्वस्त वाटायला लागतो.

पण फायबर जमिनीत गाडलेलं असतं. रणगाडा पुढे सरकतो तेव्हा ते त्याच्या मागे येत नाही. दरड कोसळली की तुटतं. आणि मोबाईल टॉवर ही तर युद्धाच्या पहिल्या तासात शत्रूच्या यादीत वर असणारी गोष्ट.

शत्रू हा उपग्रह जॅम करू शकतो का?

प्रयत्न नक्की करेल. याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण 'आपला उपग्रह जॅम होऊच शकत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत.

हा भूस्थिर उपग्रह. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो एका जागी उभा असल्यासारखा दिसतो. तिथून पृथ्वीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग नजरेत येतो, आणि तितक्याच भागातून तोही दिसतो. म्हणजे शेजारी देशांनाही.

जॅमिंगचे दोन प्रकार. एकात उपग्रहाच्या कानात गोंगाट भरायचा: मोठी डिश, मोठी ताकद, नेमकी वारंवारता. असा हल्ला लागू पडला तर त्या भागातल्या सगळ्यांचाच संपर्क बिघडतो. दुसऱ्यात खालच्या संचाजवळ गोंगाट करायचा, त्याचा परिणाम त्या परिसरापुरता.

पहिल्यावर उपाय असा की उपग्रहाने सगळा देश एकाच मोठ्या झोतात न घेता अरुंद झोत वापरायचे. झोताबाहेरून आलेला गोंगाट मग फारसा ऐकू येत नाही. पण इथे भूदलाची खास अडचण आहे. भूस्थिर कक्षेतून टाकलेला 'अरुंद' झोतही जमिनीवर काहीशे किलोमीटर पसरतो. लडाखवर टाकलेला झोत तिबेटात सांडणारच. नौदलाच्या जहाजाभोवती मोकळा समुद्र असतो. भूदलाचा शत्रू त्याच झोतात बसलेला असतो. म्हणून वारंवारता सेकंदाला अनेक वेळा बदलत राहणं, संदेश मुद्दाम रुंद पट्ट्यात पसरून गोंगाटात लपवणं, गोंगाट येतो त्या दिशेला अँटेना बहिरी करणं, ही तंत्रं भूदलाच्या उपग्रहासाठी चैनीची नाहीत. यातलं ७बीवर काय बसवलं जाईल हे जाहीर होणार नाही आणि होऊही नये.

आणि हॅकिंग?

उपग्रहापेक्षा जमिनीची काळजी करा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर चढाई केली त्या पहाटे, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाचे हजारो मोडेम निकामी झाले. उपग्रह धडधाकट होता. त्याला कोणी हातही लावला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन जाळ्यात शिरले आणि तिथून मोडेमना घातक आज्ञा पाठवल्या. जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्यात तुटलं, आणि त्यांचा युद्धाशी काही संबंध नव्हता.

संदेश कूटबद्ध असतो, त्यामुळे मधल्या मध्ये ऐकून अर्थ लावणं जवळपास अशक्य. पण कोण कधी बोललं, कुठून बोललं, किती वेळ बोललं, हे कूटबद्ध होत नाही. संच चालू झाला की तो हवेत खूण सोडतो. सिग्नल्सची, म्हणजे लष्कराच्या संपर्क विभागाची, माणसं 'कमी बोला, लवकर बंद करा' हे शिस्त म्हणून शिकवतात ते त्यामुळेच. कुठलाही उपग्रह ही शिस्त विकत देत नाही.

क्षेपणास्त्राने पाडता येईल का?

२७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'त भारताने पाडलेला उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर होता. भूस्थिर कक्षा त्याच्या शंभरपटीहून अधिक वर. तिथे पोहोचायला क्षेपणास्त्राला काही तास लागतील, आणि फुटलेले तुकडे हल्ला करणाऱ्याच्याही उपग्रहांना धोका बनतील. जास्त खरा धोका शेजारी येऊन उभं राहणाऱ्याचा आहे. रशियाचा लुच-ऑलिम्प हा उपग्रह २०१७ मध्ये फ्रान्स-इटलीच्या अथेना-फिदस या लष्करी उपग्रहाच्या संशयास्पद जवळ गेला होता. फ्रान्सच्या तत्कालीन संरक्षणमंत्री फ्लोरांस पार्ली यांनी पुढच्या वर्षी ते नाव घेऊन जाहीरपणे सांगितलं. पाडण्यापेक्षा कान लावणं सोपं.

पावसात बंद पडतो का? जुलैत आमच्या टीव्हीची डिश जाते तसा?

ज्या 'केयू' या वारंवारतेच्या पट्ट्यावर डीटीएच चालतं त्यावर तीच अडचण लष्करालाही येते. पाण्याचे थेंब जास्त वारंवारतेच्या लहरी गिळतात. त्याहून कमी वारंवारतेच्या सी पट्ट्याला पावसाचा फारसा त्रास नाही. आणखी खालच्या यूएचएफ पट्ट्याला तर जंगलातल्या पानांचाही कमी त्रास, पण त्यातून माहिती थोडीच जाते: आवाज, मजकूर, ठिकाणाचे आकडे. व्हिडिओ हवा तर वरच्या पट्ट्यात जावं लागतं. रुक्मिणीवर यूएचएफ, एस, सी आणि केयू असे चारही पट्टे दिले होते ते यासाठीच.

बोलताना उशीर का होतो?

अंतरामुळे. वर ३६,००० आणि खाली ३६,००० किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद जातो. उत्तर यायला आणखी पाव. त्यामुळे दोघे एकदम बोलायला लागतात. 'ओव्हर' म्हणायची जुनी सवय असलेल्यांना याचं काही वाटत नाही.

डोंगरात उपग्रह 'दिसतो' का?

चांगला प्रश्न, आणि क्वचितच विचारला जातो. विषुववृत्तावरचा उपग्रह आपल्याला दक्षिणेकडे दिसतो. मुंबईहून तो क्षितिजापासून साधारण ६८ अंश वर असेल, लेहहून ५० अंशांच्या आसपास, तोही बरोबर दक्षिणेला असला तर. ५० अंश पुरेसे आहेत. पण एखाद्या चिंचोळ्या खोऱ्यात दक्षिणेला उभा कडा असेल तर तिथल्या चौकीला उपग्रह दिसणारच नाही. तिथे रेडिओ रिलेला पर्याय नाही.

स्टारलिंक का घेत नाही? युक्रेनने तेच केलं ना?

केलं, आणि त्यातून दोन धडे मिळाले. पहिला: खालच्या कक्षेतले हजारो लहान उपग्रह जॅम करायला फार अवघड, वेग भरपूर, उशीर नगण्य. दुसरा: क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती स्टारलिंक चालवणाऱ्या कंपनीचे मालक इलॉन मस्क यांनी मान्य केली नाही, आणि हे त्यांनी स्वतःच २०२३ मध्ये सांगितलं. ऐन मोहिमेत दुसऱ्या देशातल्या खासगी मालकाच्या होकाराची वाट पाहणं कुठल्याही सेनापतीला परवडणारं नाही.

पहिला धडा मात्र दुसऱ्याच्या आड लपवू नये. सगळा भार एका जागी उभ्या असलेल्या एका उपग्रहावर टाकणं धोक्याचं आहे. ७बी हवाच. त्याच्या जोडीला खालच्या कक्षेतलं स्वतःचं जाळंही हवं, आणि ७बीला भाऊही.

कुठल्या रॉकेटने जाणार?

इथे वजनाचं गणित येतं. आपलं सर्वांत ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३ भूस्थिर हस्तांतरण कक्षेत, म्हणजे भूस्थिर कक्षेकडे जाण्याच्या लांबट वाटेवर, साधारण चार टन नेतं. त्यामुळेच ५,८५४ किलोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये कुरूहून एरियन-५ने गेला, आणि ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून फाल्कन-९ने. सीएमएस-०३ वजनाला ४,४१० किलो असूनही एलव्हीएम-३वरच बसवला, पण त्यासाठी त्याला नेहमीपेक्षा खालच्या कक्षेत सोडलं आणि उरलेली चढण उपग्रहाच्या इंजिनावर सोपवली. त्याची किंमत उपग्रहाच्या इंधनात मोजावी लागते.

पाच टनांचा उपग्रह घरूनच पाठवायचा असेल तर एलव्हीएम-३चं सेमी-क्रायोजेनिक (केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं) इंजिन असलेलं रूप तयार व्हायला हवं. त्याची क्षमता पाच टनांच्या थोडी वर नेण्याचा इस्रोचा बेत आहे. लष्करी उपग्रह परदेशी तळावर नेणं निषिद्ध आहे असं नाही, रुक्मिणी तसाच गेला होता. तरी बांधलेला उपग्रह खोक्यात भरून दुसऱ्या देशात पाठवायचा, आणि वेळापत्रकही त्यांचंच, हे नकोसं वाटणं स्वाभाविक आहे.

तयार कधी होणार?

कराराच्या वेळी या कामातून साडेतीन वर्षांत सुमारे साडेतीन लाख मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण होईल असं सांगितलं होतं. ती साडेतीन वर्षं २०२६च्या शरदात भरतात. आपल्याकडच्या अवकाश प्रकल्पांची वेळापत्रकं पाहता तारखेवर पैज लावू नका.

उड्डाण झालं म्हणजे काम झालं असंही नाही. जीसॅट-६एचं वर सांगितलंच. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह रॉकेटने बरोबर जागी सोडला, पण त्याच्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर (इंधन जळायला लागणारा घटक) सोडणारा व्हॉल्व्ह उघडला नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत गेलाच नाही. टाळ्या वाजून गेल्यावरचे आठ-दहा दिवस खरे जिकिरीचे. तेव्हा सगळ्यांच्या नजरा कर्नाटकातल्या हासनच्या मुख्य नियंत्रण केंद्राकडे असतात.

किती वर्षं चालेल?

इलेक्ट्रॉनिक्स टिकलं तरी इंधन संपतं. सूर्य-चंद्राच्या ओढीने उपग्रह जागेवरून सरकतो, त्याला परत आणायला प्रत्येक वेळी थोडं इंधन जळतं. जीसॅट-७एचं नियोजित आयुष्य आठ वर्षांचं, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतचं. रुक्मिणीने सात वर्षांचा अंदाज ओलांडून पुष्कळ जास्त सेवा दिली, पण वारस बारा वर्षांनी आला. उपग्रह कक्षेत पोहोचला त्याच वर्षी पुढच्याची फाईल उघडायला हवी.

२,९६३ कोटी जास्त नाहीत का?

रुक्मिणी १८५ कोटींचा होता, हा आकडा तुलनेसाठी सगळे फेकतात. तो नुसत्या उपग्रहाचा, उड्डाणाचा खर्च वेगळा, आणि गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. शिवाय ७बी वजनानेच जवळजवळ दुप्पट. माझी शंका रकमेबद्दल नाही, पुढच्या खर्चाबद्दल आहे. उपग्रह एक, पण तो वापरायला वाहनांवरचे संच, पाठीवरचे संच, भूकेंद्रं, कूटयंत्रं आणि प्रशिक्षित माणसं हजारोंनी लागतात. उपग्रह वर आणि संच अजून निविदेत, अशी वेळ आली तर आठ-दहा वर्षांच्या आयुष्यातली पहिली दोन वर्षं फुकट जातील.

महाराष्ट्राचा यात काही हात?

रॉकेटमध्ये आहे. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये 'विकास' नावाची रॉकेट इंजिनं आणि क्रायोजेनिक इंजिनाचे भाग बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणं. देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्रही आपल्याकडेच, नारायणगावजवळच्या आर्वीला उभं राहिलं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलेलं आहे. उपग्रह मात्र बंगळुरूत बांधतात, त्याची संपर्क यंत्रणा अहमदाबादेत.

आघाडीवरच्या जवानाला घरी फोन करायला हा वापरता येईल का?

त्यासाठी वेगळी सोय आहे. बीएसएनएलचे उपग्रह फोन दुर्गम चौक्यांवर असतात आणि २०१७च्या दिवाळीत जवानांसाठी त्यांचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आणला गेला.

मी ट्रेकिंगसाठी सॅटेलाइट फोन घेऊ का?

दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय नाही. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात बंदीच्या यादीत आहेत. २६/११चे हल्लेखोर ज्या 'कुबेर' बोटीने आले तिच्यावर थुराया फोन सापडला होता, त्यानंतर नियमांची अंमलबजावणी फार कडक झाली. संदेश पाठवणारी लहान उपकरणंही याच नियमात येतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर गार्मिन इनरीच बाळगणाऱ्या एका परदेशी पाहुणीवर कारवाई झाली, आणि ते उपकरण तिच्या देशात दुकानात सहज मिळतं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा. कायदेशीर मार्ग बीएसएनएलच्या उपग्रह फोन सेवेचा आहे. अर्ज, ओळखपत्रं आणि वेळ, तिन्हीची तयारी ठेवा.